मदत हवी आहे : कारखान्यात वापरायला मास्क कोणता घ्यावा? (तातडीचं)

श्रावणी_घणसोली
दादासाठी चांगला मास्क हवाय. कारखान्यात कागदी देतात, त्याने काही होत नाही. संध्याकाळी डोकं जड असतं, घरी आला की न जेवता आडवा होतो. रविवारी बरा, सोमवारी परत तेच. ऑनलाइन दोनशेपासून तीन हजारांपर्यंत दिसतायत. मला आजच मागवायचाय, प्लीज लवकर सांगा.

विनय_ऐरोली
कारखाना कसला? धूळ आहे, धूर आहे की वास? त्याशिवाय मास्क कसा सांगणार?

श्रावणी_घणसोली
वासच. तुर्भे एमआयडीसी, बॅगांचा कारखाना. आता सांगा.

कोपरीकर
एन९५ घ्या, डोळे झाकून. आमच्या घरात कोविडपासून तोच आहे.

जुना_फिटर
कोपरीकर, एन९५ धुळीच्या कणांसाठी. वाफ त्यातून सरळ आत जाते. बॅगांचा कारखाना म्हणजे रेक्झीन चिकटवायचं सोल्युशन असणार. त्याला कार्बनचं काडतूस असलेला ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क लागतो, आणि काडतूस बदलत राहावं लागतं. बाई, दादा नक्की काय करतो? दिवसभर ब्रश त्याच्याच हातात असतो का?

माई_कळवा
रोज गूळ आणि कपभर दूध द्या. आमचे हे पावणे एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते, गुळाचा खडा कधी चुकवला नाही. सगळी घाण पोटातून निघून जाते.

जुना_फिटर
माई, गूळ खुशाल द्या. पण श्वासावाटे रक्तात गेलेली वाफ गुळाने निघत नाही. गूळ वाटला आणि एक्झॉस्ट बसवला नाही, असे कारखाने मी पाहिलेत. माझा राग त्यावर आहे, तुमच्यावर नाही.

श्रावणी_घणसोली
हो, सोल्युशनच लावतो, आठ-दहा तास. खोलीला एक खिडकी आहे, एक्झॉस्ट वर छताजवळ. आणि एक सांगायचं राहिलं, त्याचा मास्कशी संबंध नसेल. महिनाभर चालताना त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटते आणि त्याला कळतच नाही. चार पावलं पुढे गेल्यावर मागे बघतो. चप्पल सैल झाली म्हणाला, म्हणून नवी आणली. तीही निसटली. बोटांना मुंग्या येतात.

कोपरीकर
बी१२ कमी असेल. मलाही मुंग्या यायच्या, इंजेक्शनांनी गेल्या.

डॉ_सानपाडा
बी१२ आणि साखर तपासाच, पण तेवढ्यावर थांबू नका. काही सोल्युशनांत एन-हेक्सेन नावाचं रसायन असतं. शरीरात त्याचं रूपांतर होऊन जे तयार होतं ते मज्जातंतूंना इजा करतं. सुरुवात पायाच्या बोटांपासून, पुढे पाऊल उचलणं जड जातं. डॉक्टरांना "सोल्युशनचं काम करतो" हे पहिल्या वाक्यात सांगा आणि एनसीव्ही करायला सांगा, ती मज्जातंतूंची तपासणी. मुख्य म्हणजे त्याला त्या टेबलावरून लगेच हलवा. काम सुटल्यावरही काही आठवडे त्रास वाढू शकतो, तेव्हा घाबरू नका. वेळेत थांबलं तर बहुतेकांचं हळूहळू सुधारतं.

विनय_ऐरोली
डब्याचा फोटो मिळेल का? आणि पगारातून इ.एस.आय., म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापतात का?

श्रावणी_घणसोली
कापतात, ठेकेदारामार्फत आहे. पगार सतरा हजार. डब्यावर लेबल नाही, मोठ्या ड्रममधून ओततात. त्याला त्या जागेवरून हलवा म्हटलं तर मुकादम म्हणेल, उद्यापासून येऊ नको. तक्रार केली तर नाव कळेल का?

जुना_फिटर
सतरा हजार म्हणजे एकवीस हजारांच्या मर्यादेत आहे. कार्ड घेऊन वाशीच्या इ.एस.आय. रुग्णालयात जा. धंद्यामुळे झालेला आजार इ.एस.आय. कामावरच्या इजेत धरते. तसं ठरलं तर रजेच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात, साध्या आजारपणात ७०. म्हणून केसपेपरवर कामाचं स्वरूप लिहून घ्या.

तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं, हे कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने आलं. आणि मास्क आणाच, पण हेक्सेनची वाफ हवेपेक्षा जड, ती टेबलावरून खाली उतरते. छताजवळचा पंखा ती दादाच्या तोंडासमोरून वर ओढणार. टेबलाच्या पातळीवर हवा ओढून घ्यायला हवी, हे मालकाचं काम. शिवाय ती पेट घेते, तिथे कोणी विडी ओढत असेल तर आधी ते थांबवा.

माई_कळवा
श्रावणी, चप्पल मागे पट्टा असलेली घे गं. पाय कळत नसेल तर जिन्यावर पडेल.

सुहास_वागळे
मला वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवर वीस वर्षं झाली, ऐकू कमी येतं. त्याचं कुठे विचारू?

विनय_ऐरोली
सुहासदादा, वेगळा धागा काढा, सांगतो.

श्रावणी_घणसोली
माई, सँडल आणली. उद्या सकाळी वाशीला नेतेय. आज त्याला विचारलं, टेबलावर आणखी कोणाला असं होतं का. शेजारचे दोघं आठवड्यापासून बूट घालून येतायत म्हणाला. चप्पल पायात राहत नाही.

जुना_फिटर
त्या दोघांनाही सोबत न्या. तिघांचे केसपेपर एकाच दिवशी निघू देत.