मदत हवी आहे: एकाच इनोव्हात इंग्लंड, जर्मनी, जपान कसं बसवू?

उद्यमनगरचा कुशनवाला:

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं कुशनचं दुकान आहे. बाबांनी ट्रॅक्टरच्या सीटा आणि वडापच्या जीपगाड्यांची रेक्झिनं शिवत सुरू केलं. आता मी कारची सीट कव्हरं, डोअर पॅड, रूफ सगळं करतो. मशीनवर हात बसलाय, पण डिझाईन कुठं शिकलेलो नाही, म्हणून इथं विचारतोय.

शिरोलीचे एक फौंड्रीवाले गिऱ्हाईक आहेत. त्यांची इनोव्हा क्रिस्टा, टॉप मॉडेल, मधल्या रांगेत दोन सुट्या कॅप्टन सीटा. इंजिन ठणठणीत, म्हणून "गाडी बदलायची न्हाई, आतनं बदलायची" असं त्यांचं म्हणणं. बजेटचं टेन्शन घेऊ नको म्हणालेत (हे ॲडव्हान्स हातात पडल्याशिवाय मी खरं मानत नाही). गाडी दसऱ्याच्या आधी हवी. दसरा चौकात राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी येते, ती बघितली की दर वर्षी यांच्या अंगात येतं.

अडचण अशी की त्यांनी व्हॉट्सॲपवर अकरा फोटो पाठवलेत आणि अकरा फोटोंत पाच देश आहेत. रोल्स रॉइसचं चांदण्यांचं छत. बेंटलेची चौकटी-चौकटीची सीट. मर्सिडीजच्या दारातनं फिरणारी लाईटची पट्टी. व्होल्व्होचं फिकट लाकूड. लेक्ससच्या दारावरच्या चुण्या. माझेराटीचं डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेलं घड्याळ. वर निरोप, "सगळ्यातलं थोडं थोडं घे, पन भारी दिसाय पायजे." म्हणजे एकाच ताटात पुरणपोळी, तांबडा रस्सा आणि वरनं केक.

या गाड्या आतून वेगळ्या आहेत हे डोळ्यांना कळतं, पण नेमकं काय वेगळं ते मला शब्दांत पकडता येत नाही. त्यामुळे साहेबांना समजावताही येत नाही. यातलं काय कशाशेजारी चालतं? दुसरं, त्यांचा हट्ट आहे की चामडं कोल्हापुरी चपलेचंच घाल, "आपल्या मातीतलं". ते सीटला चालेल का?

परवा एक नमुना केला. काळ्या लेदरेटवर, म्हणजे नकली चामड्यावर, लाल दोऱ्यानं चौकटी टाके, कडेनं लाल पायपिंग. लांबून बेंटले, जवळून मंगल कार्यालयातला सोफा. पोरगं म्हणालं, "बाबा, हिच्यावर नवरा-नवरी बसवूया." तेव्हापासून झोप नाही.

चेसी नंबर:

कुशनवालेदादा, पोरगं तयार होतंय, दुकान त्याच्या ताब्यात द्या. चेष्टा सोडा. मी पुण्याजवळ सीट बनवणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं काढली, त्या जोरावर लिहितो.

देशांची नावं जरा बाजूला ठेवा आणि प्रत्येक फोटोत एकच बघा: मालक कुठं बसतो?

इंग्लिश गाडी म्हणजे चाकांवरचा दिवाणखाना, मालक मागं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी रोल्ससारख्या कंपन्या चेसी आणि इंजिन द्यायच्या. बॉडी आणि आतलं काम बाहेरचे कारागीर करायचे, आणि ही कला बग्ग्या बांधणाऱ्यांकडून आलेली. (साहेबांची लाडकी मेबॅक जर्मन, पण तिथंही कंपनी चेसी द्यायची आणि बॉडी बाहेर व्हायची.) म्हणून त्यांच्याकडं लाकूड फर्निचरसारखं वापरतात. एकाच खोडाचे पापुद्रे काढून असे जोडतात की डावी बाजू उजवीचा आरसा वाटावी. हाताला जे लागतं ते धातूचं, थंडगार. बेंटलेत एसीची जाळी अजूनही छोटी दांडी ओढून उघडते, बाजाच्या पेटीच्या खुंट्या असतात ना, तशी.

आता गंमत ऐका. त्या जुन्या गाड्यांत चामडं ड्रायव्हरला असायचं. त्याची सीट उघड्यावर, पावसात भिजणार, म्हणून चामडं. मागं मालकाला मऊ लोकरीचं कापड. पुढं चामडंच श्रीमंतीची खूण झालं, पण जपाननं ती जुनी रीत सोडली नाही. टोयोटाची सेंच्युरी, म्हणजे तिथल्या सम्राटांना लागते ती गाडी, तिच्यात मागं लोकरीचं कापड आणि खिडकीला जाळीचे पडदे. चामडं बसता-उठताना करकरतं, थंडीत गार आणि उन्हात तापलेलं लागतं, म्हणून नको. तिथं मान म्हणजे आवाज न होणं. तुमच्या फोटोतल्या लेक्ससच्या चुण्याही त्याच घरातल्या: हातानं घातलेल्या, दिवा पडला तर दिसतील, नाहीतर नाही. डाव्या हातानं, म्हणजे जो हात चालत नाही त्यानं, ९० सेकंदांत कागदाचं मांजर घडवता आलं पाहिजे ही त्यांच्या कारागिरांची परीक्षा तर सगळीकडं सांगितली जाते.

जर्मन गाडीत मालक स्टिअरिंगवर. बीएमडब्ल्यूनं १९७५ च्या थ्री सिरीजमध्ये डॅशबोर्डचा मधला भागच ड्रायव्हरकडं वळवला. तिथं श्रीमंती म्हणजे सांधे. दोन भागांतली फट शेवटपर्यंत सारखी, प्रत्येक बटणाचा 'टक' सारखा. मर्सिडीजची लाईटची पट्टी त्या सांध्यातनंच फिरते आणि म्हणते, बघा, कुठं वाकडं आहे का! ती पट्टी क्रिस्टाच्या दारात बसवलीत तर दार आणि डॅशबोर्ड जिथं भेटतात तिथली फट रात्री उजळून दिसेल. आज ती कुणाला दिसत नाही. हा फोटो साहेबांच्या यादीतनं पहिला काढा.

इटलीवर फार लिहीत नाही. ते शिंपी लोक. माझेराटीत झेन्या या सुटाच्या कंपनीचं रेशमी कापड आलेलं, पोल्ट्रोना फ्राऊ या फर्निचरवाल्यांचं चामडं आलेलं. मधलं घड्याळ म्हणजे कोटाच्या खिशातला रुमाल, कोट चांगला असेल तरच शोभतो.

तुमच्या नमुन्याचं काय चुकलं: चौकट सगळीकडं टाकलीत, दोरा वेगळ्या रंगाचा आणि पायपिंगही. तिघं एकदमच बोलतायत. चौकट बसण्याच्या आणि पाठीच्या मधल्या पट्टीतच ठेवा, दोरा लेदरेटच्याच रंगाचा, पायपिंग काढून टाका. खाली पातळ फोम चिकटवून घ्या म्हणजे चौकट फुगणार नाही. टाका जरा लांब ठेवा, बारीक टाक्यानं लेदरेट पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीत फाटतं.

हिरडा बेहडा:

चामड्याचं मी सांगतो, घरचा धंदा तोच.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही, पण ते चामडं चपलेसाठीच आहे. पायाखाली दाबून दाबून मऊ होतं, पायाचा आकार घेतं. सीटला हेच नडतं. पाण्याचा थेंब पडला की गोल डाग, घामानं काळं, आणि काचेतनं ऊन लागत राहिलं की कडक होऊन चिरतं. कारचं चामडं बऱ्याचदा क्रोमच्या क्षारावर कमावतात आणि वरनं रंगाचा पातळ थर देतात, त्यामुळं ओल्या फडक्यानं पुसता येतं. बीएमडब्ल्यूनं आय-थ्री या गाडीला ऑलिव्हच्या पानांच्या अर्कानं कमावलेलं चामडं वापरलं होतं, म्हणजे झाडपाल्याचा रस्ता बंद नाही, पण ती प्रक्रिया सगळी गाडीसाठी ठरवलेली.

साहेबांचं मन राखायचं तर कोल्हापुरी चामडं जिथं हात लागेल पण बूड लागणार नाही तिथं घाला. दाराच्या ओढायच्या पट्ट्या, गिअरच्या भोवतीची पट्टी. त्यावर चपलेची वेणी घालून घ्या कारागिराकडनं. हे बेंटलेला जमणार नाही, बघा!

साधा नट:

एवढं कशाला? १९७० ची पहिली रेंज रोव्हर आतनं रेक्झिन आणि प्लास्टिक होती, पाईपनं पाणी मारून धुवायची. फौंड्रीवाल्याला तीच शोभते.

आधी एअरबॅग:

सगळे शोभेचं बोलताय म्हणून आडवा येतोय, माफ करा.

टॉप मॉडेल क्रिस्टाला सात एअरबॅगा आहेत. त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत, दोन छताच्या दोन्ही कडांना पडद्यासारख्या गुंडाळलेल्या. सीटची कंपनीची शिवण त्या जागी मुद्दाम ठरावीक ठिकाणी उसवेल अशी असते. तिथं जाड लेदरेट आणि नायलॉनचा दणकट दोरा घातलात तर एअरबॅग बाहेर यायला उशीर होईल किंवा भलतीकडनं येईल. ती उघडते ती पापणी लवायच्या आत, तिला थांबायला वेळ नसतो. पुढच्या दोन सीटांचं मूळ कव्हर ठेवा, फार तर मधली पट्टी बदला. बाहेरच्या कडेला हात लावू नका. एअरबॅगच्या वायरींचे पिवळे कनेक्टर काढायचे असतील तर बॅटरी सोडून, थांबून, आणि शक्यतो माहितगाराला शेजारी उभा करून.

चांदण्यांचंही तेच. रोल्स रॉइस गुडवूडच्या कारखान्यात छताच्या चामड्याला हातानं भोकं पाडून शेकड्यांनी फायबरच्या दोऱ्या ओवते, आणि ते छत पहिल्यापासून त्यासाठी बांधलेलं असतं. इथं बाजारात मिळणारा संच लावताना दोऱ्यांचा गठ्ठा कडेच्या एअरबॅगवर आला, तर अपघातात चांदण्याच दिसतील. करायचंच असेल तर छताच्या मधल्या भागात, कडेपासून चांगली वीतभर आत.

गोथेनबर्गकर:

मूळ राजारामपुरीचा, सध्या स्वीडनमध्ये, व्होल्व्होच्या गावात. कंपनी २०१० पासून चिनी मालकाची आहे, पण आतलं अजून इथलंच.

फिकट लाकूड आणि पांढुरक्या सीटा का, ते इथं डिसेंबरमध्ये राहिल्याशिवाय कळत नाही. दुपारी साडेतीनला अंधार. माणूस प्रकाशासाठी हपापलेला असतो, म्हणून गाडीत मिळेल तेवढा उजेड साठवायचा. पॉलिश न केल्यासारखं दिसणारं लाकूड, गिअरला ऑरेफोर्स या स्वीडिश कंपनीच्या काचेची मूठ, आतनं दिवा. चमक कुठंच नाही. हवी तर सीट चामड्याऐवजी लोकरमिश्रित कापडाची मिळते आणि तिला कुणी स्वस्त म्हणत नाही.

कोल्हापुरात उलटं. उजेड आपल्याकडं उतू जातो. सावली हवी. फिकट सीट शिरोलीच्या काळ्या धुळीत महिनाभर टिकणार नाही आणि जोतिबाच्या गुलालात एक रविवार. तो फोटोही काढा. पण कापडाची गोष्ट मनात ठेवा.

उद्यमनगरचा कुशनवाला:

मंडळी, धन्यवाद. आधी एअरबॅगवाल्यांना नमस्कार. खरं सांगतो, पुढच्या सीटांची कव्हरं मी उसवायला घेणारच होतो. कडेला शिवलेली ती एअरबॅगची छोटी पट्टी रोज बघतो, वाचली कधी नव्हती.

काल साहेबांच्या घरी दोन नमुने घेऊन गेलो. एक चॉकलेटी लेदरेट, मधेच बारीक चौकट, त्याच रंगाचा दोरा. दुसरं घरात पडलेल्या जुन्या कोटाच्या लोकरीच्या कापडाचं, नुसतं दाखवायला. फोटोतली लाईटची पट्टी का नको ते सांगितलं, तर रात्री दारात टॉर्च लावून फट बघून आले आणि गप बसले. चांदण्यांवर अजून अडलेत. मधल्या भागातच, कडा सोडून, एवढ्यावर आणलंय.

मग आतनं त्यांच्या आई आल्या. मागच्या डाव्या कॅप्टन सीटवर बसणाऱ्या त्याच, दर रविवारी जोतिबाला. नऊवारी नेसतात. लेदरेटच्या नमुन्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर लुगडं घसरतंय रे. घाटात वळनाला मी पुढंच येते. ते दुसरं घाल." साहेबांनी अकरा फोटोंचा मोबाईल खिशात घातला. चेसी नंबर म्हणाले तसं, मालक कुठं बसतो ते मला काल कळलं.

तर ठरलंय ते असं. मधल्या दोन सीटा कापडाच्या, पुढच्या कंपनीच्या तशाच, दाराच्या पट्ट्या कोल्हापुरी चामड्याच्या वेणीच्या. वेणीसाठी सुभाषनगरातल्या एका कारागिराशी बोलणं सुरू आहे.

आता दोनच गोष्टी सांगा. सीटला चालेल असं घट्ट विणीचं लोकरमिश्रित कापड पुण्या-मुंबईत ठोक कुठं मिळतं? इचलकरंजीत विचारलं, तिथं सगळं सुती आणि पॉलिस्टर. आणि गुलाल लोकरीतनं निघतो का? नसेल निघत तर सरळ मरून रंगच घेतो.