केंडो ८८ की क्यूएसटी ९८? रविवारच्या आत ठरवायचंय, मदत हवी आहे

वळणवाट
व्होल्कल केंडो ८८ आणि सॉलोमन क्यूएसटी ९८ या दोन ऑल-माउंटन (सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणाऱ्या) स्कीजमध्ये अडकलोय. आकडा म्हणजे स्कीची मधली रुंदी, मिलिमीटरमध्ये. सूट सारखीच आहे आणि रविवारी सेल संपतोय. रिव्ह्यू वाचून आणखी गोंधळ झाला. भाड्याच्या स्कीजवर आता पैसे घालायचे नाहीत. सगळीकडे चालतील अशा कोणत्या?

हिमगंगा
सगळीकडे म्हणजे कुठे? टाहो, कोलोराडो की व्हरमाँट? तुमची उंची, वजन, कुठल्या उतारांवर जाता, काहीच लिहिलेलं नाही. लांबी कोणती मिळतेय?

वळणवाट
डेन्व्हरला असतो. कॉपर आणि विंटर पार्क या जवळच्या स्की रिसॉर्टना जातो. निळ्या (मध्यम) उतारांवर निवांत, काळ्यांवर (अवघड) अधूनमधून. केंडो १७७ सेंमीची शिल्लक आहे, क्यूएसटी त्याहून आखूड मिळतेय.

रानवारा
कोलोराडोत राहून ८८? ९८च घ्या. ताज्या भुसभुशीत बर्फात अरुंद स्की खाली रुतते आणि मांड्या भरून येतात. मी १००च्या खालची आता वापरतच नाही, मस्त चाललंय.

हिमगंगा
रानवारा, तुम्ही आठवड्यातल्या मधल्या वारी जात असाल. शनिवारी कॉपरला दुपारपर्यंत सगळा बर्फ तुडवून घट्ट झालेला असतो. तिथे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला रुंद स्की वेळ लावते, गुडघ्यांवरही ताण येतो. विंटर पार्कच्या मेरी जेन भागातल्या मोगल्समध्ये (बर्फाच्या उंचवट्यांमध्ये) तर हे फारच जाणवतं.

रानवारा
मेरी जेनला मीही जातो. सवयीचा भाग आहे.

उत्तररंग
नुसत्या रुंदीवर भांडून उपयोग नाही. केंडोत टिटॅनलची (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) चौकट आहे. वेगात ती हलत नाही, पण वळवायला जोर आणि तंत्र दोन्ही मागते. क्यूएसटीत धातूचे पूर्ण थर नाहीत, म्हणून ती चुका सांभाळून घेते. वजन सांगा हो!

वळणवाट
६२ किलो, १६८ सेंमी.

उत्तररंग
मग १७७ची केंडो नकोच. हनुवटी ते कपाळ यांच्यामधली लांबी घ्या.

सह्यकडा
गुलमर्गला जा एकदा! गोंडोल्याने (केबल कारने) अफरवट डोंगरावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत जाता येतं. वरचा बर्फ यंत्राने दाबलेला नसतो, तिथे १०५च्या पुढचीच स्की हवी. शिकायचं असेल तर तिथल्या आयआयएसएम (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग) या संस्थेचे कोर्स आहेत.

कुंदा_पुणे
सह्यकडा, त्या कोर्सला स्की आणि बूट तेच देतात का? मुलाला पाठवायचं आहे.

हिमगंगा
कुंदाताई, वेगळा धागा काढा ना. वळणवाट, बूट कोणते आहेत?

वळणवाट
बूट भाड्यानेच घेतो. प्रश्न स्कीचा आहे.

हिमगंगा
तुमच्या प्रश्नाचं उत्तर बुटातच आहे. भाड्याचे बूट बहुतेक ढिले असतात. टाच आत वर उचलली गेली की तुम्ही पाय वळवता आणि स्की मागून वळते. मग कुठलीही स्की जडच वाटणार. दुकानात बुटाचं आतलं अस्तर काढायला सांगा, रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक-दीड बोट जागा राहिली तर ठीक, तीन बोटं मावली तर तो बूट परत ठेवा. आधी बूट घ्या, यंदा स्की डेमोवर (दुकानातून भाड्याने, खरेदीआधी पारखायला) चालवा. बरीच दुकानं डेमोचे पैसे खरेदीतून वजा करतात.

रानवारा
डेमोत वेळ जातो, सूट जाते. क्यूएसटी घेऊन टाका.

उत्तररंग
सेलची किंमत बाइंडिंगसकट (बूट स्कीला अडकवणारा भाग) आहे का? या दोन्ही स्कीज साधारण बाइंडिंगशिवाय विकतात.

वळणवाट
आत्ता बघितलं, नाही आहे. म्हणजे वेगळा खर्च? बाइंडिंगचा ब्रेक (स्की सुटली की तिला थांबवणारा) किती रुंदीचा लागेल?

उत्तररंग
क्यूएसटीला १००चा. ९०चा ब्रेक कडेवर अडकतो. बुटाचा तळ ग्रिपवॉक (चालायला सोपा, वळणदार) असेल तर बाइंडिंगही तसंच हवं. बाइंडिंग बसवायला बुटाच्या तळाची लांबी लागते, म्हणून बूट ठरेपर्यंत स्कीला भोक पाडू देऊ नका. डीआयएन (पडल्यावर बाइंडिंग किती जोराने सुटावं याचा आकडा) दुकानदार वय, वजन, उंची आणि ती लांबी बघून लावतो.

वळणवाट
बूट फिटरकडे शनिवारी सकाळची वेळ मिळाली. केंडो यादीतून काढली.