ए३२० आणि ७३७ यांच्या कॉकपिटची मांडणी इतकी वेगळी का?

प्रश्न:
एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ ही विमाने आकाराने आणि कामाने जवळपास सारखीच आहेत. मग ७३७ मध्ये वैमानिकाच्या समोर योक (स्टिअरिंगसारखे हँडल) आणि ए३२० मध्ये बाजूला छोटीशी साइडस्टिक (जॉयस्टिकसारखी दांडी), असा फरक का ठेवला आहे? एका विमानाचा वैमानिक दुसरे विमान थेट चालवू शकतो का?

प्रतिसाद १:
७३७ प्रवासी सेवेत आले १९६८ मध्ये. त्यात योकपासून नियंत्रण-पृष्ठांपर्यंत (पंख आणि शेपटीवरच्या हलत्या भागांपर्यंत) यांत्रिक ओढतारा जातात, आणि हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली तर वैमानिकाला स्वतःच्या ताकदीवर विमान सांभाळावे लागते, म्हणून मोठा योक हवाच. १९८८ च्या ए३२० मध्ये हाताची हालचाल विद्युत संदेशांच्या रूपाने संगणकाकडे जाते. तिथे एवढ्या ताकदीची गरज उरली नाही, आणि योकच्या मोकळ्या झालेल्या जागेत घडीचे टेबल बसवता आले. तथापि हे संपूर्ण उत्तर नव्हे. १९९५ मध्ये सेवेत आलेले बोइंग ७७७ हेही फ्लाय-बाय-वायर, म्हणजे असेच विद्युत संदेशांवर चालणारे, असूनही बोइंगने त्यात योक जाणीवपूर्वक कायम ठेवला.

प्रतिसाद २:
बोइंगने योक कायम ठेवला, त्याचे कारण वैमानिकाला मिळणाऱ्या जाणिवेत आहे. बोइंगचे दोन्ही योक जोडलेले असल्यामुळे सहवैमानिकाने ओढलेला योक कॅप्टनच्या समोरही मागे येतो. ऑटोथ्रॉटल (इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना इंजिनांचे लिव्हर आपोआप पुढेमागे सरकतात आणि ७३७ मधील ट्रिमचे (विमानाच्या नाकाचा वरखाली तोल साधणारे) चाक तर खडखडत फिरते, त्यामुळे नजर बाहेर असली तरी काय चालले आहे ते कळते. ए३२० मध्ये हे लिव्हर ‘क्लाइंब’ नावाच्या एका ठरलेल्या खाचेतच राहतात, साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत आणि दोघांनी एकाच वेळी हलवल्या तर त्यांची बेरीज होते, अशा वेळी ध्वनिसूचना मिळते आणि लाल बटण दाबून एकाला ताबा घेता येतो. अशाच साइडस्टिक असलेल्या एअरबस ए३३० विमानाच्या, एअर फ्रान्स ४४७ या उड्डाणाच्या २००९ मधील अपघातानंतर या रचनेवर बरीच टीका झाली. मात्र तेथे गोठलेल्या पिटो नळ्यांपासून (वेग मोजणाऱ्या नळ्या) वैमानिकांच्या प्रतिक्रियांपर्यंत अनेक कारणे एकत्र आली होती, त्यामुळे सगळा दोष स्टिकवर टाकणे मला पटत नाही. गल्फस्ट्रीम जी५०० या खासगी जेटमध्ये दोन्ही साइडस्टिक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने एकत्र हलतात. माझ्या मते खरा तोडगा तोच आहे.

प्रतिसाद ३:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल: थेट नाही, त्यासाठी वेगळे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाचा परवाना, घ्यावे लागते. ए३२० च्याच कुटुंबातील ए३१८ ते ए३२१ यांना मात्र एकच रेटिंग चालते. ७३७ च्या डोक्यावरील पॅनलवर आजही जुन्या धाटणीचे स्विच दिसतात, त्यामागेही हाच हिशेब आहे, कारण मांडणी फार बदलली तर हजारो वैमानिकांना नव्याने प्रशिक्षण द्यावे लागेल. काही गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्याच आहेत: चाकांच्या लिव्हरची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची (पंखाच्या मागच्या कडेला बाहेर येणाऱ्या झडपांची) पंखासारखी. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या वैमानिकांकडून उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकेच आत घेतली जात असत, कारण दोन्ही स्विच शेजारी आणि एकसारखे होते. त्यातूनच स्पर्शाने ओळखता येणाऱ्या मुठी आल्या.