गावचं लाईट बिल मस्कतहून भरायचं, की पैसे वडिलांच्या हातात द्यायचे?

मस्कतचा दापोलीकर
मस्कतला एसी मेंटेनन्समध्ये आहे, आठ वर्षं झाली. घर दापोली तालुक्यात, घरी आई-अण्णा दोघंच. पगार झाला की मनी एक्स्चेंजमध्ये जाऊन अण्णांच्या खात्यात एकरकमी पैसे टाकायचे, पुढचं ते बघायचे. मे महिन्यात आईचा फोन आला, वायरमन लाईट तोडायला आलाय. बिलं थकलेली. पैसे वेळेवर पोचले होते, पण त्यातून अण्णांनी चुलतभावाच्या पोराची कॉलेजची फी भरली होती, मला न विचारता.

तेव्हापासून लाईट, गॅस, मोबाईल, विम्याचा हप्ता सगळं मीच भरतो. ओमानच्या नंबरवर यूपीआय चालतं, एनआरई खातं, म्हणजे बाहेरच्या कमाईसाठीचं भारतातलं खातं, जोडलंय, झोपायच्या आधी पाच मिनिटांचं काम. काजूचे पैसे जुन्या दापोलीच्या बचत खात्यात येतात, ते तिथेच राहू देतो. अण्णांना हातखर्चाला आठ हजार वेगळे. बाहेर राहणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं असं माझं मत. पन्नास डिग्रीत गच्चीवर चढून मिळवलेला पैसा कुठे जातो ते कळायला नको? अण्णा मात्र फोनवर 'बरं आहे' याच्या पुढे बोलत नाहीत.

खेडची सून
का बोलत नाहीत ते मी सांगते. माझे मिस्टर सौदीत, गावी सासरे आणि मी. घरखर्च म्हणजे चार बिलं नव्हेत हो दादा. नारळ पाडायला येतो त्याला रोख लागते. पावसाच्या आधी कौलं चाळून घ्यायची, शिमग्याला पालखी दारात येते, वाडीत कुणाचं बारावं-तेरावं असतं. तुमचे आठ हजार यात कधी संपतील कळणारही नाही. मग त्यांनी पाचशे रुपयांसाठी मुलाला फोन करायचा? ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं त्याला तुम्ही पॉकेटमनीवर ठेवलंत.

आणि एक विचारू? रात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची येते?

मस्कतचा दापोलीकर
चुलतभावाचीच. रिक्षा आहे त्याची.

खेडची सून
मग फी कसली ती समजा की.

कुवेतकर
वहिनी, तुमचं घर सरळ असेल, सगळ्यांची तशी नसतात. मी सहा वर्षं घराच्या कर्जाचे हप्ते भावाच्या हातात पाठवले. सुट्टीत गेलो तेव्हा टेबलावर पतपेढीची नोटीस. भाऊ म्हणतो, धंद्यात अडकले, फेडतो. अजून फेडतोय. वाईट माणूस नाही तो, पण हातात आलेली रक्कम माणसाला आपलीच वाटायला लागते. दापोलीकर बरोबर करतोय.

त्याला यूपीआय मिळतं हे त्याचं नशीब. २०२३ च्या सुरुवातीला परदेशी नंबरांसाठी दहा देशांची यादी आली. त्यात ओमान, कतार, सौदी, यूएई सगळे, कुवेत नाही! आमचा आधार एक्स्चेंजचा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने भारत बिल पेमेंटची सोय बाहेरून येणाऱ्या पैशाला खुली करायचं जाहीर केलं, तेव्हापासून काही एक्स्चेंजांत गावच्या लाईटचा ग्राहक क्रमांक सांगायचा, दिनार द्यायचे, रक्कम थेट वीज कंपनीकडे. मधे कुणाचा हात नाही. भारतातलं सिमही नुसतं ओटीपीसाठी रिचार्ज करून जिवंत ठेवायचं, तो जाच वेगळाच.

पासबुक
बँकेत बत्तीस वर्षं काढली म्हणून बोलतो. बाप-लेकाच्या भांडणात पडत नाही, पण दापोलीकर, ते 'जुनं बचत खातं' खटकलं. नोकरीसाठी बाहेर गेलात, अनिवासी झालात, की साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. काजूचे, भाड्याचे, इथल्या कमाईचे पैसे त्यात. तिकडचा पगार एनआरईत. त्याच्या व्याजावर इथे कर नाही, एनआरओचं व्याज मात्र कर कापूनच हातात येतं.

वडिलांना पाठवलेल्या पैशावर त्यांना कर लागत नाही, मुलाकडून आलेली भेट धरतात. त्याची त्यांनी एफडी केली तर व्याज त्यांच्या उत्पन्नात. आणि सगळं स्वतःच्या फोनवर ठेवण्यापेक्षा एनआरई खात्यावर वडिलांना मुखत्यारपत्र द्या. इथले खर्च ते त्या खात्यातून करू शकतात आणि तुम्हाला प्रत्येक नोंद दिसते. तुमचा फोन समुद्रात पडला तर घर अंधारात नको.

कुवेतकर
काका, मुखत्यारपत्र म्हणजे परत तेच. नोंद दिसेपर्यंत फी भरून झालेली असते.

पासबुक
असते. मग तुम्ही नोंदीवर भांडाल, आज नुसत्या संशयावर भांडताय.

खेडची सून
दापोलीकर, घरी कागदाचं बिल येतं का अजून?

मस्कतचा दापोलीकर
नाही. महावितरणचं गो-ग्रीन घेतलं, कागद बंद केला की दहा रुपये सूट असते. बिल माझ्या ईमेलवर येतं.

खेडची सून
म्हणजे बिल किती आलं, भरलं की नाही, त्यांना काहीच कळत नाही. वायरमन एकदा दारात येऊन गेलेला. आमचे सासरे लाईट बिलं तारखेप्रमाणे तारेला टोचून ठेवतात, ८७ सालापासूनची आहेत.

मस्कतचा दापोलीकर
अण्णांचीही तार आहे. माजघरात, खुंटीला.
परवा आई म्हणाली, दुपारी वायरमन रस्त्याने जाताना दिसला तर अण्णा उठून आत गेले. मला वाटलं ऊन लागलं असेल.

कुवेतकर
कागद सुरू कर, पण पैसे तूच भर. माझं मत तेच.

मस्कतचा दापोलीकर
गो-ग्रीन काढायला टाकलं आत्ता. पैशाचं अजून ठरत नाही. मुखत्यारपत्राचं पुढच्या सुट्टीत बघू. शिमग्याचे मात्र वेगळे पाठवतो.

खेडची सून
पाठवताना 'शिमग्याचे' असं लिहू नका. नुसते पाठवा.