मदत हवी आहे: विद्यार्थी ‘सॉरी बिझनेस’साठी गावी गेलाय आणि मी त्याच्याकडे दाखला मागून बसलेय

अबोली_०७

नमस्कार मंडळी. मी ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला संख्याशास्त्राची ट्यूटोरियल्स घेते. कंत्राटी, तासावर पगार. म्हणजे उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं.

वर्गात एक ॲबोरिजिनल (इथल्या मूलनिवासी समाजातला) मुलगा आहे, पार पश्चिमेकडच्या लहानशा गावातून आलेला. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदललेत.) दाराजवळ बसायचा, हात कधी वर करायचा नाही, पण वहीत डोकावलं की गणित बरोबर. तिसऱ्या आठवड्यात गायब झाला. मग दोन ओळींची मेल आली: ‘सॉरी बिझनेस आहे, गावी आलोय. माझी एक आई गेली. कधी परतेन सांगता येत नाही.’

हा शब्दच मला ठाऊक नव्हता. वाटलं, सॉरी म्हणतोय बिचारा. मी नेहमीचा मजकूर चिकटवला: मुदतवाढीचा फॉर्म भर, मृत व्यक्तीचं पूर्ण नाव लिही, नातं लिही, तीन दिवसांत मृत्यूचा दाखला जोड. आणि वर शहाणपणा केला, ‘एक आई म्हणजे सख्खी का?’ असं विचारलं.

नऊ दिवस झाले, उत्तर नाही. शब्दाचा अर्थ नंतर शोधला (घरचं माणूस गेल्यावरचे शोकाचे विधी) आणि लाज वाटली.

आज १९ तारीख. ३१ मार्चला सेन्सस डेट आहे (जनगणना नव्हे, फीचं कर्ज नावावर चढण्याची तारीख). त्याच्या पहिल्या दोन चाचण्या बुडाल्यात. विद्यापीठात फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूलनिवासी, विद्यार्थ्यांसाठी वेगळं केंद्र आहे एवढं माहितीये, पण तिथे मी त्याच्या परस्पर जाणं बरोबर का? माफीची मेल करू की गप्प बसू? इथे कुणी अशा कामात असेल तर सांगा. कानउघाडणी केलीत तरी चालेल.

चिंचबोर

ताई, मी दुसऱ्या राज्यात विद्यार्थी साहाय्य विभागात आहे. फर्स्ट नेशन्स केंद्रात नाही, पण त्यांच्याबरोबर रोजचं काम असतं. माझं सांगणं बाहेरच्या माणसाचं समजा.

आधी नात्याचं. इथल्या बऱ्याच समाजांत आईची बहीण ही आईच आणि वडिलांचा भाऊ हे वडीलच. त्यामुळे ‘माझी एक आई’ हे अगदी नेमकं वाक्य आहे. आपल्या फॉर्मात त्याला रकाना नाही, एवढंच. आता नाव. गेलेल्या माणसाचं नाव काही काळ उच्चारायचं नाही, फोटो दाखवायचा नाही, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आहे. सगळीकडे सारखी नाही, पण आहे. तुम्ही त्याला नेमकं तेच नाव टाइप करायला सांगितलंत.

सॉरी बिझनेस म्हणजे एका दिवसाची अंत्ययात्रा नव्हे. लांबलांबून माणसं येईपर्यंत थांबणं, कुणी कुठे बसायचं, कुणी काय करायचं याच्या जबाबदाऱ्या, मग पुढचे दिवस. काही वेळा आठवडे जातात. तो ‘कधी परतेन सांगता येत नाही’ म्हणाला ते टाळायला नाही, खरंच सांगता येत नसेल म्हणून.

आता काम काय करायचं. केंद्राला फोन करा, आजच. त्याची चहाडी करायला नाही, तुमच्या विषयाची अडचण सांगायला: ‘माझ्या ट्यूटोरियलमधला विद्यार्थी सॉरी बिझनेससाठी गेलाय, मी चुकीची कागदं मागितली, चाचण्यांचं मी बघते, बाकी तुमच्याकडे काय पद्धत आहे?’ तो केंद्राशी जोडलेला आहे की नाही हे ते तुम्हाला सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. बऱ्याच ठिकाणी दाखल्याऐवजी केंद्राचं किंवा समाजातल्या ज्येष्ठांचं चार ओळींचं पत्र चालतं. तुमच्याकडे चालतं का, ते केंद्रच सांगेल.

३१ तारखेचं मात्र घाई करून ठरवू नका. त्याआधी विषय सोडला तर त्याची फी लागत नाही, हे खरं. पण तो ॲबस्टडी घेत असेल (१९६९ पासूनचा सरकारी निर्वाहभत्ता), तर पूर्णवेळ विद्यार्थी धरायला साधारण ७५ टक्के अभ्यासभार लागतो. चारपैकी एक विषय सोडला तर तीन-चतुर्थांश उरतो, दोन सोडले की भत्ता धोक्यात. तुम्ही मायेपोटी ‘सोड रे बाबा’ म्हणाल आणि तिकडे त्याचं घरभाडं अडकेल. तारखेनंतर सोडावं लागलं तरी विशेष परिस्थितीचा अर्ज करून कर्ज माफ करून घेण्याची वाट असते. हे हिशोब केंद्रातल्या लोकांना तोंडपाठ असतात.

रोखठोक_राव

पटलं नाही. उद्या माझ्या मुलाची आजी पुण्यात गेली तर त्याला विद्यापीठ दाखला मागणारच ना? नियम सगळ्यांना सारखा हवा. धागाकर्तीनं काय चूक केली? आणि आमच्या ऑफिसात एक जण आहे, पार गोरापान, निळे डोळे, तोही स्वतःला ॲबोरिजिनल म्हणवतो. कसं ठरवायचं मग?

चिंचबोर

राव, ठरवायचं काम तुमचंही नाही आणि माझंही. सरकारी कामासाठी तीन गोष्टी बघतात: वंश, स्वतःची ओळख आणि समाजाची मान्यता. कातडीचा रंग त्यात नाही. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी धोरणानं ॲबोरिजिनल मुलं घरातून उचलून नेली गेली, त्यावरचा अहवाल १९९७ मध्ये आला आणि संसदेत माफी मागितली गेली ती २००८ मध्ये. निळ्या डोळ्यांच्या माणसाला ‘किती टक्के?’ विचारलं की ते सगळं परत उकरलं जातं.

आणि कागदाचं म्हणाल तर न्यू साउथ वेल्समध्ये १९४३ पासून ‘सूट प्रमाणपत्र’ नावाचा प्रकार होता. ते खिशात असेल तर ॲबोरिजिनल माणसावरची बंधनं उठायची, बदल्यात आपल्याच माणसांपासून तुटून राहायचं. लोक त्याला कुत्र्याचा बिल्ला म्हणत. या मुलाच्या आजीकडे तो असेलच असं नाही. पण ‘नातं सिद्ध करणारा कागद आण’ हे वाक्य त्या घरात आणि तुमच्या-माझ्या घरात सारखं ऐकू जात नाही.

ऑकलंडकर_काका

राव, तुमच्याकडे सुतक धरतात का हो? चुलत चुलत्याचं? मग नातं मोजायला बसता तेव्हा तुम्ही कुणाकडे दाखला मागता?

अवांतर: इथे न्यूझीलंडमध्ये गोष्ट थोडी वेगळी. माओरी लोकांचं तांगी (अंत्यविधी) साधारण तीन दिवस चालतं, मराएवर (त्यांच्या सभास्थानी), मृतदेहाजवळ सतत कुणीतरी बसलेलं. ऑकलंड विद्यापीठाच्या आवारातच वाइपापा मराए आहे, १९८८ पासूनचं. कोरीव काम केलेलं सभागृह, आत बूट काढून जायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘विद्यार्थी सेवा’ म्हटल्यावर खिडकी आणि टोकन डोळ्यांपुढे होतं. तिथे एक बाई मुलांना जेवलात का विचारत होती.

मेसन ड्युरी नावाच्या माओरी डॉक्टरांनी १९८४ मध्ये आरोग्याची कल्पना मांडली ती चार भिंतींच्या घराची: शरीर, मन, आत्मा, कुटुंब. एक भिंत खचली की घर कलतं. अबोलीताई, तुमच्या त्या विद्यार्थ्याचं गणित चांगलं आहे, त्याची सध्या कुठली भिंत हललीय ते उघड आहे. पण ही माओरी मांडणी आहे, ॲबोरिजिनल मुलाला जाऊन ऐकवू नका. सगळे मूलनिवासी एकाच टोपलीत घालायची आपल्याला फार हौस.

सातपुडी

सहसा नुसता वाचतो, आज लिहितो. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यावरचा. घरात पावरी, शाळेत मराठी, कॉलेजात एकदम इंग्रजी. पुण्याच्या एका कॉलेजात होतो, नाव नको.

आमच्याकडे होळी हाच मोठा सण, त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतो. वर्षभर बाहेर मजुरीला गेलेली माणसंही तेव्हा परततात. पहिल्या वर्षी अंतर्गत परीक्षा बरोब्बर त्याच दिवसांत आली. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘रंग खेळायला सुट्टी?’ वर्ग हसला. मी गेलो नाही, परीक्षा दिली, आणि मग दोन महिने कुणाशी बोललो नाही.

सर वाईट नव्हते. शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यांनीच भरून दिला होता. पैशाची मदत मला मिळाली. पण आमच्या भागातला, माझी भाषा कळणारा एकही माणूस त्या इमारतीत नव्हता. तिसऱ्या वर्षी ग्रंथालयात अक्कलकुव्याकडचा शिपाई आला. दुपारी त्याच्या स्टुलाशेजारी बसून पावरीत बोलायचो. माझ्या पदवीत त्याचा वाटा आहे, कुठल्या योजनेत तो लिहिलेला नाही.

अबोलीताई, त्याला केंद्रात ‘पाठवू’ नका. पाठवणं म्हणजे इकडून तिकडे ढकलणं वाटतं. तुमच्या विषयाचं तुम्हीच बोला. आणि सगळ्यांसमोर ‘कसा आहेस आता?’ असं विचारू नका, प्लीज.

चिंचबोर

सातपुडी, शेवटच्या ओळीसाठी धन्यवाद. इथल्या मुलांच्या बोलीत यालाच ‘शेम’ म्हणतात. इंग्रजी शब्द तोच, अर्थ वेगळा: चारचौघांत वेगळं काढलं जाण्याचा संकोच. कौतुकानंही होतो. आणखी एक, ‘समजलं का?’ विचारल्यावर आलेला ‘हो’ पुष्कळदा फक्त सभ्यपणाचा असतो. सल्ला द्यायचा तर पर्याय ठेवा, उत्तर लगेच मागू नका.

अबोली_०७

सगळ्यांचे आभार. रावांचेही, कारण परवापर्यंत मी तेच म्हटलं असतं.

केंद्राला फोन केला. ज्या बाई बोलल्या त्यांना सगळे आंटी म्हणतात, मीही तेच म्हणायचं असं कळलं. (मावशीच की!) त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कागदाचं आम्ही बघतो, तू त्याला पुन्हा फॉर्म पाठवू नकोस. मग विचारलं, चाचण्यांचं तू काय करू शकतेस? मला उत्तर नव्हतं. विषयप्रमुखांकडे गेले. त्या म्हणाल्या, दोन चाचण्यांचं वजन शेवटच्या परीक्षेत टाकू किंवा तो आल्यावर घेऊ, त्यानं ठरवावं. दहा मिनिटांचं काम होतं, मी नऊ दिवस कुढत बसले.

आता मेल. चार वेळा लिहून खोडली, प्रत्येक वेळी माझ्याच पश्चात्तापाचा निबंध होतोय. कशी लिहू?

चिंचबोर

पश्चात्ताप एका ओळीत संपवा, नाहीतर तुमचं सांत्वन त्यालाच करावं लागेल. इंग्रजीतच जाईल, पण आशय असा:

‘तुझ्या आईबद्दल कळून वाईट वाटलं. मी मागितलेली कागदं आणि विचारलेला प्रश्न चुकीचा होता, माफ कर. त्यातलं काहीही पाठवायची गरज नाही. दोन चाचण्या तुला परत आल्यावर देता येतील किंवा त्यांचे गुण शेवटच्या परीक्षेत धरता येतील, आत्ता ठरवायला नको. ३१ मार्चची तारीख आहे, त्याबद्दल काही ठरवण्याआधी केंद्रातल्या कुणाशी तरी बोल. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. आणि अभ्यास बुडल्याचं पुढे बोलणं निघालं तर एकास एक शिकवणीचा पर्याय सांगा. २०१७ पासून विद्यापीठांना ‘इंडिजिनस स्टुडंट सक्सेस प्रोग्रॅम’मधून यासाठी केंद्र सरकारचा पैसा मिळतो, शिकवणाऱ्याला मानधन असतं. २०२४ पासून प्रत्येक विद्यापीठाला विद्यार्थी साहाय्याचं लेखी धोरणही ठेवावं लागतं. तुमच्या विद्यापीठाचं काढून वाचा, कंत्राटी लोकांना कुणी आपणहून दाखवत नाही.

अबोली_०७

अपडेट, २७ मार्च. मेल २० तारखेला गेली. परवा रात्री उत्तर आलं: ‘थँक्स मिस. आंटीशी बोललो. विषय ठेवतोय. चाचण्या आल्यावर देतो.’

कधी येणार ते लिहिलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. दोन्ही चाचण्यांचे नवे प्रश्न काढून ठेवलेत. धोरण वाचलं, एकोणीस पानं आहेत, सॉरी बिझनेसचा उल्लेख चौदाव्या पानावर, तळटिपेत. आमच्या मुदतवाढीच्या फॉर्ममध्ये तो शब्द घालावा म्हणून विषयप्रमुखांना लिहिलंय. त्यांनी ते समितीकडे पाठवलंय, समिती मे महिन्यात बसते.

शिकवणीच्या मानधनासाठी कंत्राटी ट्यूटरला वेगळी परवानगी लागते का, हे न्यू साउथ वेल्समधल्या कुणाला माहीत असेल तर कृपया लिहा.