मदत हवी आहे: मॉरिशसमध्ये १९९९ पासून मैदानात पाऊल न टाकलेल्या काकांना कुठली मॅच दाखवू?

तिसरी घंटा

मंडळी नमस्कार,

विषय आडवळणाचा आहे, पण इथे मॉरिशसला राहिलेले दोन-चार जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतोय.

गेल्या वर्षापासून नोकरीसाठी मॉरिशसमध्ये आहे. ऑफिस एबेनला, राहायला कात्र बॉर्नला. घरमालक मूळचे आपल्याकडचेच, खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आलेले. गणपतीत घरी मोदक होतात, 'सुखकर्ता दुखहर्ता' पूर्ण पाठ आहे, बाकी सगळा कारभार क्रेओल भाषेत. मी त्यांना इथल्या पद्धतीने 'तोंतों' म्हणतो, म्हणजे काका. पुढच्या महिन्यात ७५ पूर्ण करतायत.

तोंतों फुटबॉलवेडे. शनिवारी संध्याकाळी लिव्हरपूलची मॅच असली की घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. पण मॉरिशसच्या लीगचा विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवतात. शेवटी काकूंनीच (त्यांना 'तांतीन' म्हणतो) एकदा भाजी चिरता चिरता सांगितलं. घर सगळं हिंदू कॅडेट्स क्लबवालं. सासरे, दोन्ही दीर, सगळे. हे एकटे फायर ब्रिगेड क्लबचे. लहानपणी पोर्ट लुईला शाळेत होते, तिथला एक क्रेओल (आफ्रिकी वंशाच्या समाजातला) मित्र दर रविवारी मॅचला ओढून न्यायचा, तेव्हा लागलेलं वेड. घरात त्यांचं नाव पडलं 'पोंप्ये', म्हणजे बंबवाला. रविवारी जेवायला बसले की भाऊ विचारायचे, "काय पोंप्ये, आज कुठे आग लागली?"

२३ मे १९९९ ला तोंतों आंजाले स्टेडियमवर होते. फायर ब्रिगेड विरुद्ध स्काउट्स, विजेतेपद ठरवणारी मॅच. ब्रिगेड १-० ने जिंकली. त्या रात्री जी दंगल झाली ती मॉरिशसमध्ये प्रत्येकाला माहीत आहे. त्यानंतर ते कुठल्याही मैदानावर गेलेले नाहीत.

तर वाढदिवसाला त्यांना लीगची एक मॅच दाखवावी असं मनात आहे. अडचणी अशा:

एक, आता फायर ब्रिगेड नाही, कॅडेट्स नाही, स्काउट्स नाही. मग त्यांचा क्लब आता कुठला समजायचा? मला ही वंशावळ काही लागत नाहीये.

दोन, कुठल्या मैदानावर न्यावं? आंजालेला न्यावं की मुद्दाम टाळावं?

तीन, सोबत एखादी जुनी वस्तू भेट द्यायची आहे. कात्रण, फोटो, काहीही. कुठे मिळेल?

हेही कबूल करतो की मी स्वतः एकदा पाहणी करायला एकटा क्युरपीपला गेलो होतो. दुपारी तीनला इतकं धुकं की समोरचा गोलपोस्ट दिसेना. वीस मिनिटं मन लावून मॅच पाहिली. मग शेजारच्या माणसाने सांगितलं, ही शाळेच्या पोरांची प्रॅक्टिस आहे, लीगची मॅच आज दुसऱ्या मैदानावर आहे. तेव्हा माझ्या माहितीवर विसंबू नका.

---

चिवडा_जास्त_तिखट

मॉरिशसला मराठी लोक?? आणि त्यांची लीग पण आहे?

---

तिसरी घंटा

लीग त्यांची नाही हो, देशाची आहे. १९३५ पासून चालू आहे. मराठी लोकांबद्दल वेगळा धागा काढा, आनंदाने लिहीन.

---

जुना स्कोअरर

तुमचा पहिला प्रश्न वाचून राहवलं नाही. मॉरिशसला मी कधी गेलेलो नाही, पण ही गोष्ट मुंबईकराला घरची वाटावी.

आपल्याकडे काय वेगळं होतं? मुंबईच्या क्रिकेटमध्ये १९१२ पासून समाजवार संघांची चौरंगी: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. १९३७ ला 'रेस्ट' (ख्रिश्चन वगैरे उरलेले) धरून पंचरंगी. आपला सांगलीचा विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून तो 'रेस्ट'कडून खेळायचा. १९४३ च्या फायनलला हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांत एकट्याच्या ३०९! १९४६ ला स्पर्धा बंद पडली आणि उरली ती प्रांतवार रणजी. मरीन ड्राइव्हला हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना अजून ओळीने उभे आहेत, पण त्यांच्या नावाची ती मॅच नाही.

माझे आजोबा पंचरंगीच्या गर्दीबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. आणि लगेच म्हणायचे, बंद झाली ते बरंच झालं. दोन्ही एकाच दमात. रणजीच्या मॅचला मात्र ते एकदाही गेले नाहीत.

---

वाक्वाची मंजिरी

नमस्कार. मी मॉरिशसची, वाक्वा येथे राहते. मराठी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिकले, म्हणून माझी भाषा पुस्तकी वाटेल, क्षमा असावी.

जुन्या स्कोअरर यांनी बरोबर सांगितले. आमच्या लीगमध्येही क्लब समाजाचे होते. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स ही नावेच सगळे सांगतात. डोडो क्लब गोऱ्या फ्रँको-मॉरिशियन लोकांचा. फायर ब्रिगेडच्या मागे क्रेओल समाज. १९८० च्या दशकात सरकारने जातीधर्माची नावे काढायला लावली. हिंदू कॅडेट्सचे 'कॅडेट्स क्लब' झाले, मुस्लिम स्काउट्सचे 'स्काउट्स क्लब'. पाटी बदलली, स्टँडमध्ये बसणारे तेच राहिले. माझे वडील शेवटपर्यंत पूर्ण जुनेच नाव घेत.

१९९९ हे वर्षच वाईट होते. फेब्रुवारीत सेगे (सेगा आणि रेगे यांचे मिश्रण) गायक काया पोलीस कोठडीत मरण पावले आणि देशभर दंगल झाली. त्यानंतर तीन महिन्यांनी ती मॅच. मॅचनंतर हिंसा स्टेडियमबाहेर पसरली आणि पोर्ट लुईमध्ये ल'अमिकाल नावाच्या जुगारघराला आग लावली गेली. सात जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. स्थानिक फुटबॉल बंद झाले. पुन्हा सुरू झाले तेव्हा नियमच केला की क्लब प्रदेशाचे असतील. म्हणून आता पांप्लेमूस, क्युरपीप स्टारलाइट, ए. एस. पोर्ट लुई २०००, सावान, पेतीत रिव्हिएर न्वार अशी गावांची नावे दिसतात.

त्यामुळे वंशावळ शोधू नका. काकांना विचारा, तुम्ही कुठल्या गावचे? आता क्लब तसा निवडतात.

---

तिसरी घंटा

मंजिरीताई, तुमची भाषा आमच्यापेक्षा चांगली आहे, क्षमा कसली. पण इथेच गोची आहे. जन्म वाक्वाचा, शाळा पोर्ट लुईची, नोकरी रोज हिलला, घर कात्र बॉर्नला. ब्रिगेडचं तसं नव्हतं, ती घरापासून लांब होती म्हणूनच तर त्यांना आवडायची.

---

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात क्लब खाणवाल्यांचे. साळगावकर, धेंपो, सेझा. २०१६ ला साळगावकर आणि धेंपोने आय-लीग सोडली तेव्हा माझा बाबा दोन दिवस नीट जेवला नाही. पण गावातल्या फेस्ताच्या टुर्नामेंटला अजून माणूस मावत नाही. तिथे कोण कोणाचा ते विचारावं लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं.

सांगायचा मुद्दा, लीगची मॅच नसली तरी एखादी गावातली मॅच बघा. म्हाताऱ्यांना रेफरीला शिव्या घालायला मिळाल्याशी कारण.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

मी पाच वर्षं होतो तिथे, २०२३ ला परत आलो. व्यवहाराचं सांगतो.

आंजालेला नेऊ नका. बेल व्ह्यूला, उत्तरेकडे आहे, परत येताना उशीर झाला की वाहनाचे वांधे होतात. संध्याकाळनंतर बस मिळेल या भरवशावर राहू नका, ७५ च्या माणसाला घेऊन तर अजिबात नाही. आणि तो स्टँड, ती जागा... तुम्हीच सांगताय की ते तिथून उठले ते उठलेच.

क्युरपीपचं जॉर्ज पंचम स्टेडियम बघा. तुम्ही कात्र बॉर्नला आहात, २०२२ पासून मेट्रो थेट क्युरपीपपर्यंत जाते. दुपारची मॅच निवडा. स्वेटर आणि छत्री दोन्ही घ्या, उन्हाळा असला तरी. क्युरपीप म्हणजे पठारावरचं लोणावळा समजा, खाली फ्लिक-आं-फ्लाकला लोक समुद्रात डुंबत असतात आणि इथे कानटोपी घालावी लागते. आणि निघण्याआधी दोन ठिकाणी खात्री करा. धुक्यातल्या शाळेच्या पोरांवरून तुम्ही शिकलाच असाल.

गर्दीची अपेक्षा ठेवू नका. मी गेलो तेव्हा स्टँडमध्ये मोजून साठ-सत्तर टाळकी, त्यातली निम्मी खेळाडूंच्या घरची. तेच लोक रात्री इंग्लंडच्या लीगच्या मॅचला बारमध्ये खुर्ची मिळत नाही म्हणून भांडतात. तोंतोंना सगळ्यात जास्त त्रास त्या शांततेचा होईल, याची तयारी ठेवा.

---

चिवडा_जास्त_तिखट

आंजाले हे नाव कोणाचं? फ्रेंच वाटत नाही.

---

वाक्वाची मंजिरी

आंजाले कुपेन. उसाच्या मळ्यावरील मजूर. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू आरेल येथे मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात त्या गेल्या. गरोदर होत्या. आमच्याकडे शाळेत शिकवतात.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल: पोर्ट लुईच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे पाहता येतात. तारीख माहीत असेल तर काम लवकर होते. पण १९९९ ची कात्रणे नका काढू. ब्रिगेडचीही नका काढू, घरात भाऊ येणार असतील वाढदिवसाला. १९८५ ची काढा. त्या वर्षी हिंद महासागर बेटांच्या क्रीडास्पर्धा आमच्याकडे होत्या आणि फुटबॉलचे सुवर्णपदक मॉरिशसला मिळाले. मी लहान होते. वडील आणि शेजारचे स्काउट्सवाले काका एकाच रेडिओला कान लावून बसले होते, हे मला आठवते, कारण एरवी ते दोघे फुटबॉल सोडून सगळ्या विषयांवर बोलत.

---

जुना स्कोअरर

१९८५ ला माझं +१. झेरॉक्स लॅमिनेट करू नका, फ्रेम करा. लॅमिनेशनला फुगे येतात.

---

तिसरी घंटा

(तीन आठवड्यांनी)

अपडेट देतो, नाहीतर धागा अर्धवट राहील.

१९८५ चं पान मिळालं. सगळं फ्रेंचमध्ये, फोटो काळपट, पण संघ ओळखू येतो. फ्रेम केली. वाढदिवसाला दोन्ही भाऊ आले होते. तिघांनी चष्मे बदलून बदलून ते पान पाहिलं आणि कोणता खेळाडू मूळ कोणाचा यावर पाऊण तास भांडले. ज्याला तोंतों ब्रिगेडचा म्हणतील त्याला धाकटा भाऊ कॅडेट्सचा म्हणणार. तांतीनने शेवटी फ्रेम उचलून कपाटावर ठेवली तेव्हा जेवणं झाली.

मॅचचं मात्र विचारायचा धीर होत नव्हता. रविवारी सकाळी सरळ म्हटलं, "तोंतों, क्युरपीपला दालपुरी खायला जाऊ." (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुरणपोळीतून गूळ काढून टाका आणि आत घेवड्याची आमटी नि चटणी भरा. जोडीने मिळते, एक मागितली तर विक्रेता तुमच्याकडे बघतो.) मेट्रोत बसल्यावर खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रोज बाहेर पडताना घालतात ती टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

धुकं नव्हतं. साठ-सत्तर टाळकी मात्र बरोबर. तोंतों सगळ्यात वरच्या पायरीवर, जिन्याला लागून बसले. बाहेर पडायचा रस्ता मोकळा राहील अशा जागी. पहिली वीस मिनिटं ते खेळाकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत होते. पुढे दोन पोरं बसली होती, एकाच्या गळ्यात क्रूस, दुसऱ्याचं नाव मित्राने हाक मारली तेव्हा कळलं, इम्रान. दोघं एकाच संघासाठी ओरडत होती. तोंतोंनी मला हळूच विचारलं, "हे कोणाचे?" मी म्हटलं, "क्युरपीपचे." "ते कळलं. पण कोणाचे?"

मला उत्तर देता आलं नाही.

मध्यंतरानंतर एका बचावपटूने सरळ पाय घातला आणि रेफरीने शिट्टी वाजवली नाही. तोंतों उभे राहिले आणि क्रेओलमध्ये जे बोलले ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. इम्रान मागे वळला, हसला आणि म्हणाला, "कोरेक, तोंतों!" म्हणजे बरोब्बर. मांडवीकाठ, तुमचा सल्ला लागू पडला.

परतताना दालपुरीच्या गाडीवर थांबलो. ते म्हणाले, बचाव फार कच्चा, ब्रिगेडच्या वेळी असल्या पोराला पाणी द्यायलासुद्धा ठेवला नसता. मग दुसरी जोडी मागवली आणि गाडीवाल्याला विचारलं, की पुढच्या रविवारी इथे मॅच आहे का. गाडीवाला म्हणाला, बहुतेक पूर्वेकडच्या फ्लाकला आहे, पण नक्की नाही.

तर आता नवीन प्रश्न: कात्र बॉर्नहून फ्लाकला रविवारी दुपारी बसने कसं जायचं, आणि परतीची शेवटची बस किती वाजता?