शब्दचर्चा : ‘डिसेबल्ड’ म्हणजे ‘अक्षम’?

खडूफळा : शाळेच्या लॅबसाठी दोन पानी टिपण लिहितोय. लिनक्स, त्यावरचा खिडक्या-मेनूंचा डेस्कटॉप केडीई, त्यातला कॉन्सोल हा टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. पोरं सेटिंग उघडून काळ्यावर काळी अक्षरं करून ठेवतात, मग पुढच्या तासाला ‘सर, संगणक बिघडला’. म्हणून काही पर्याय काढून घेतलेत. लिहायला बसलो तर ‘रिस्ट्रिक्ट’ला निर्बंध, प्रतिबंध, मनाई, मज्जाव असे चार शब्द, आणि ‘डिसेबल्ड’ला जिकडेतिकडे ‘अक्षम’. काय घेऊ?

ओसरी : ‘अक्षम’ नकोच. अक्षम अधिकारी म्हणजे ज्याला काम जमत नाही तो. बटणाला काम जमतं हो, आपणच करू देत नाही. सरळ ‘बंद’ लिहा.

बाकीच्यांत प्रतिबंध म्हणजे आधीच रोखणं, जसं प्रतिबंधक लस. मनाईला कोर्टाच्या मनाई हुकुमाचा वास येतो. मज्जाव हा ‘मत जाव’वरून आलेला, म्हणजे जागेचा शब्द. आत शिरायला मज्जाव असतो, फॉन्ट बदलायला नसतो. राहिला निर्बंध. सावरकरांनी तो ‘कायदा’ या अर्थी वापरला होता, तो अर्थ काही रुळला नाही. आज निर्बंध म्हटलं की काही मोकळं, काही बांधलेलं, असंच डोळ्यापुढे येतं. तुम्हाला तेच हवंय ना?

टपरीवाला : ‘बंद’ला माझी हरकत आहे. केडीईच्या ज्या सोयीने हे करतात तिचं नाव किऑस्क. (मूळ फारसी-तुर्की, अर्थ बागेतला मंडप, आपल्याकडे तिकिटाच्या यंत्रापर्यंत उतरला.) तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी होतात. एक, सेटिंगच्या फाइलमध्ये गटाच्या नावापुढे चौकटी कंसात डॉलर आणि आय लिहिलं की वापरणाऱ्याला त्यातलं काही बदलता येत नाही. याला मी ‘गोठवणं’ म्हणतो. दोन, मेनूतली एखादी कृतीच नाकारायची. ती करडी होऊन तिथे पडून राहत नाही, दिसेनाशीच होते. दुकान बंद असलं तरी पाटी दिसते. इथे पाटीच नाही. मग ‘बंद’ कसं? ‘दडवलेला पर्याय’ म्हणा.

ओसरी : दडवलेला पटला. आमच्या हापिसात त्या खुणेला ‘डॉलर-आई’ म्हणतात. आईने एकदा सांगितलं की विषय संपला.

खडूफळा : मग असं लिहितो : ‘कॉन्सोलची रंगसंगती गोठवली आहे. प्रोफाइल (रंग, फॉन्ट वगैरेंचा जतन केलेला संच) बदलण्याचा पर्याय दडवला आहे, तो शोधत बसू नये.’

आणि मज्जाव वाया जायचा नाही. त्याच किऑस्कमध्ये शेल-ॲक्सेस नावाची एक ओळ आहे, ती ‘फॉल्स’ (नाही) केली की केडीईतून शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम, उघडता येत नाही. पहिलीच्या वर्गासाठी ती लावलीय. तिथे ‘शेलमध्ये मज्जाव’ चपखल बसतो.

टपरीवाला : बसतो. फक्त कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबलं की केडीईबाहेरचा, नुसत्या अक्षरांचा टर्मिनल उघडतो; त्या मागच्या दाराने कोण जातंय ते बघा. त्या दाराला किऑस्कचं कुलूप लागत नाही.